केसपेपरवरची लाल खूण

डोळ्यांच्या ओपीडीत येणारा माणूस "मला दिसत नाही" असं सरळ कधी सांगत नाही. तो आधी जगाला दोष देतो. एसटीच्या पाट्या आजकाल पुसट रंगवतात म्हणतो. सुईची भोकं कंपनीनं लहान केली म्हणतो. सुलतानपूरच्या एका गुरुजींनी तर शाळेचा फळा खराब झाल्याचा अर्ज वरपर्यंत पाठवला होता. नवीन फळा आला, तोही खराब निघाला, तेव्हा गुरुजी माझ्याकडे आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. माझं पद नेत्र चिकित्सा अधिकारी. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयात, गेली बारा वर्षं. नजर तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, थेंब टाकून बाहुली मोठी करायची, आत काय दिसतं ते टिपून ठेवायचं आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्या नेत्रतज्ज्ञांपुढे रुग्ण मांडायचा. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. जी चूक सांगायला बसले आहे ती माझी आहे, इमारतीची नाही.

आमच्या कामात सगळ्यांत कमी लेखलं जाणारं हत्यार म्हणजे प्रश्न. डोळा हा शरीराचा तुकडा आहे, हे लोक विसरतात. आम्हीही विसरतो. लोणारचे एक पुजारी पावसाळ्यात आले होते. डोळा लाल, पाणी वाहतंय, बाहुलीसमोरच्या काचेवर रव्यासारखे बारीक पांढरे ठिपके. मी विचारलं, "महाराज, कुठलं औषध चालू आहे?"

"औषध? आयुष्यात घेतलं न्हाई."

"काहीच नाही?"

"न्हाई म्हन्लं ना बाई. गुडघ्याले फक्त ती पूड घेतो. मोटारसायकलवर येते तो मानूस, त्याच्याकडची. देशी हाय, त्यात औषध न्हाई काही."

त्यांचा चेहरा पुरीसारखा फुगून गोल झाला होता. अशा चेहऱ्याचं कारण बहुतेक वेळा त्या पुडीत असतं. गुडघे एका रात्रीत पळायला लावणारी ती देशी पूड म्हणजे स्टेरॉइड कुटून केलेली असते. वर्ष-दोन वर्षं ती खाल्ली की शरीराची प्रतिकारशक्ती ढिली पडते, आणि मग गढूळ पाण्यातला एखादा अतिसूक्ष्म परजीवी, जो तुमच्या-माझ्या डोळ्यातून धुऊन जाईल, तो तिथं संसार थाटतो. महाराजांचा डोळा बरा झाला. पूड सुटली की नाही, ते देव जाणे. गुडघे अजून जोरात आहेत त्यांचे.

ही गोष्ट हसत सांगता येते. पुढची येत नाही.

माझे वडील पत्रकं छापायचे. अंधश्रद्धेवर, दारूवर, जातीवर. घरात गोष्टीचं पुस्तक नंतर आलं, पत्रकं आधी. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. नोकरी लागली तेव्हा आमच्या केसपेपरच्या खिडकीवर वानखडे काका बसायचे. जुने कर्मचारी, पूर्वी ड्रेसिंगच्या खोलीत होते. ज्यांना एचआयव्ही आहे असं त्यांना ठाऊक असे, त्यांच्या केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात ते लाल पेनानं बारीक खूण करायचे. सिस्टरांनी, ड्रेसरनी जपून राहावं म्हणून. नियमात कुठं नव्हतं. कोणी सुरू केलं, कोणाला माहीत नव्हतं. पण ती खूण अख्ख्या गावाला माहीत होती. केसपेपर हातात धरून माणूस रांगेत उभा राहतो, आणि रांगेत मागचा माणूस पुढच्याचा कागद वाचल्याशिवाय राहत नाही.

एक दिवस एका तरुणानं माझ्यापुढे केसपेपर ठेवला, त्याचा उजवा कोपरा फाडलेला.

मी सहज विचारलं, "हा कोपरा कुठं गेला?"

"बकरीनं खाल्ला, मॅडम."

मागचा बाक खो खो हसला. सगळ्यांना कळलं होतं. तोही हसला, कारण दुसरं काय करणार? मला त्याचं ते हसू आजही आठवतं आणि आजही राग येतो.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. रक्त कोणाचंही असो, हातमोजे प्रत्येकासाठी घाला. सुई प्रत्येकाची धोक्याची समजा. मग खुणेची गरजच काय? माणसाच्या कागदावर डाग पाडणं हा गुन्हा आहे. प्रती काढल्या, प्रत्येक खोलीत चिकटवल्या, एक अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी बाजूला सारली तर परत ठेवली. वानखडे काकांशी खिडकीतच भांडण झालं.

"मॅडम, मी काय शौक म्हनून करतो काय हे? आमच्या ड्रेसरले सुई टोचली होती. तीन महिने तो मानूस झोपला न्हाई. रिपोर्ट चांगला आला, पन तीन महिने कोन परत देईल त्याले?"

"म्हणून तुम्ही दुसऱ्याला जन्मभर झोपू देणार नाही?"

लेखी आदेश निघाला. खूण बंद. काका म्हणाले, "बरं. आजपासून वानखडेले दिसत न्हाई, आयकू येत न्हाई. झालं समाधान?" झालं होतं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी शोभाताई आली. हे तिचं खरं नाव नाही आणि गाव मी लिहिणार नाही. चाळिशीची, विधवा, जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवणारी. ओपीडीच्या दिवशी माझ्यापुढच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तांदूळ निवडाले बसली का त्यात काळे खडे दिसतेत. बोट लावलं का सरकतेत. हाती येतच न्हाई."

"रोज?"

"पंधरा दिवस झाले. मास्तर म्हन्ते, बाई, तुमी तांदूळ निवडून राह्यल्या का जप करून राह्यल्या?"

डोळ्याच्या आत जो पारदर्शक गर असतो, त्यात सुजेच्या पेशी तरंगायला लागल्या की त्यांच्या सावल्या पडद्यावर पडतात. माणसाला काळे ठिपके, जाळ्या, माश्या दिसतात. उजवा डोळा थोडा लाल, नजर कमी, आत धुकं. धुक्याआड पडद्यावर काहीतरी पांढरट असल्यासारखं मला वाटलं, पण नीट दिसेना. डावा डोळा स्वच्छ होता.

आता आमची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण चूक तिच्यात आहे. ओपीडीच्या दिवशी शंभराच्या आसपास माणसं. माझ्या टेबलाला लागून बाक, त्यावर पुढचे सहा जण. एकाचं बोलणं सहा जण ऐकतात. आतली डार्करूम काळा पडदा लावलेली, पण तिथंही मी थेंब टाकलेले तीन-तीन जण एकदम आत घ्यायची, वेळ वाचावा म्हणून. आणि प्रश्न विचारताना माझी मान कागदावर असायची. "शुगर, बीपी, कुठली गोळी?" एका दमात. समोरून "न्हाई" आलं की मी लिहायची, 'विशेष नाही'. ते दोन शब्द मी दिवसातून शंभरदा लिहायची. हाताला वळण पडलं होतं.

शोभाताईला विचारलं, ती म्हणाली न्हाई, मी लिहिलं.

दुपारी नेत्रतज्ज्ञ आले. भले गृहस्थ, एका दिवसात दोन तालुके करायचे. त्यांनी डोळा पाहिला, मला विचारलं, "हिस्टरी नीट घेतली ना?"

"घेतली सर. विशेष नाही."

माझ्या शब्दावर त्यांनी साधी सूज समजून स्टेरॉइड सुरू केलं. थेंब आणि गोळ्या. पंधरा दिवसांनी दाखवा.

ती तिसऱ्या आठवड्यात आली. कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून नाही, एकटीच, भिंतीला हात लावत. उजव्या डोळ्यापुढे मी बोटं धरली. तिला ती मोजता येईनात. हात हलवला, तर काहीतरी हललं एवढंच कळलं.

"हा तं गेला, मॅडम," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. मग डाव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "आता ह्याच्यातबी खडे आले."

स्टेरॉइडनं सूज उतरायला हवी होती. उलट आग भडकली होती. असं कधी होतं, ते मी शिकले होते. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण समोर तिचा कागद होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, विशेष नाही.

मी बाहेर आले तर वानखडे काका दारात उभे. खिडकी सोडून आले होते.

"मॅडम, एक बोलू? का ते पत्रकात बसत न्हाई?"

"बोला काका."

"मी काही सांगत न्हाई. मले काही माहीत न्हाई. फक्त त्या बाईले एकटीले इचारा. बाकी कोनी नको."

एवढं बोलून ते परत गेले. मी डार्करूममधल्या दोघांना बाहेर काढलं, शोभाताईला आत नेलं आणि दार लावलं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत हजारो पडदे पाहिले असतील. एकाही माणसाशी एकांतात बोलले नव्हते.

"शोभाताई, कुठल्याही गोळ्या. नुसत्या चालू असलेल्या नाही, बंद केलेल्यासुद्धा."

"बंद केलेल्या सांगू?"

"सांगा."

"आठ वर्सं घेतल्या. मालक त्यानंच गेले. जिल्ह्याच्या ठिकानाहून आनत होती, दर महिन्याले. कोनाले मालूम न्हाई. मंग तथी खिडकीवर आमच्याच गावची सून लागली. मी तिले दुरून पाह्यलं आन मागच्या मागं एसटीत बसली. तवापासून गेलीच न्हाई."

"किती दिवस झाले?"

"साल होईल."

"ताई, मागच्या वेळी मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुमी इचारलं?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुमी मान खाली घालून बोलल्या, शुगर बीपी गोळी. बाकावर आमच्या शाळेच्या शिपायाची बायको बसली होती. तिच्यापुढं हाव म्हनू? उद्या माह्या हातची खिचडी कोनाचं पोरगं खाईल काय?"

मी नेत्रतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी तिला अकोल्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, आणि जे आम्हाला वाटत होतं तेच तिथल्या डॉक्टरांनी पक्कं केलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशी परजीवी. मांजराच्या विष्ठेतून मातीत, भाजीत येतो, कच्च्या मांसातून येतो. पुष्कळ माणसांच्या शरीरात तो जन्मभर गप पडून असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. प्रतिकारशक्ती जागेवर असेल तर तो डोकं वर काढत नाही. ती ढासळली, मग ती एचआयव्हीनं असो, कॅन्सरच्या औषधांनी असो, किडनी बदलल्यावरच्या गोळ्यांनी असो, नाहीतर गुडघ्याच्या पुडीनं, की तो उठतो आणि डोळ्याचा पडदा, कधी मेंदू, कुरतडायला लागतो. अशा वेळी परजीवीवरचं औषध न देता नुसतं स्टेरॉइड देणं म्हणजे उरलासुरला पहाराही उठवणं. आम्ही तेच केलं होतं.

मी रजा टाकून तिच्यासोबत अकोल्याला गेले होते. खामगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मॅडम, शाळेत काय सांगू?"

"डोळ्यात संसर्ग झाला म्हणा. खोटं नाही ते."

"अर्धं हाय."

"अर्धं पुरतं."

मेंदूचा फोटो स्वच्छ निघाला. उजव्या डोळ्याचं काही होणार नव्हतं, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. डाव्यात पांढरा डाग होता, नजरेच्या मध्यबिंदूपासून थोडा दूर. तो वाढून मधोमध आला, तर संपलं. इलाज काय, तर सल्फाच्या गोळ्या. मला रडू आलं ते तिथं. ही गोळी आमच्या औषधांच्या खिडकीवर फुकट मिळते, डब्यांची चळत पडलेली असते. तिनं एचआयव्हीच्या गोळ्या सोडल्या नसत्या तर बहुधा हे झालंच नसतं. मी नीट विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी इथं पाठवली असती. मध्ये तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत एक डोळा.

पुढचे दीड महिने मला स्वस्थ बसता आलं नाही. ती दर आठवड्याला यायची. मी डावा डोळा तपासायची, तक्त्यावरच्या ओळी वाचायला लावायची. पहिल्या आठवड्यात तिला आधीपेक्षा दोन ओळी कमी वाचता आल्या. मी तिच्यासमोर "ठीक आहे" म्हटलं आणि बाहेर येऊन अकोल्याला फोन लावला. ते म्हणाले, थांबा, औषधाला वेळ द्या. दुसऱ्या आठवड्यात तितकंच. चष्म्याच्या नंबरात मी दोनदा चुका केल्या, एका आजोबांना दुसऱ्याचा चष्मा दिला. ते बिचारे म्हणाले, "बाई, माह्या सुनेचा चेहरा असा हाय होय!" मला हसूही आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक ओळ जास्त. मी तिला तीच ओळ पुन्हा वाचायला लावली, पाठ तर झाली नाही ना म्हणून तक्ता बदलला. तरी जास्तच.

तिच्या नवऱ्याचं ड्रेसिंग कधीकाळी काकांनीच केलं होतं, म्हणून त्यांना अंदाज होता. मधल्या काळात त्यांनी मला गाठलंच. "खूण असती तं?"

मी या प्रश्नापासून पळाले नाही. खूण असती तर पहिल्याच दिवशी मला कळलं असतं, आणि तिचा डोळा कदाचित वाचला असता. हे खरं आहे. पण खूण असती तर ती आमच्या खिडकीशी आलीच नसती, हेही तितकंच खरं आहे. आपल्या हातचं कोणी खाणार नाही या भीतीनं तिनं औषध सोडलं होतं. ज्या गावात ही भीती आहे त्या गावात लाल पेन हातात घेणारा कोणाचंही भलं करत नाही. एवढं मी आजही छातीठोकपणे म्हणते. चुकलं ते दुसरंच. खूण पुसण्यासाठी मी पत्रक लिहिलं, भांडले, जिंकले. खुणेच्या जागी काय ठेवायचं, याचा विचारच केला नाही. खुणेचं काम प्रश्नानं करायचं होतं, आणि प्रश्नाला एक दार लागतं, जे लावता येतं. ते दार माझ्याच खोलीला होतं.

काकांना मी हे सगळं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मंग बाक उचला ना तो." आणि स्वतःच एका टोकाला धरून उभे राहिले. बाक आम्ही दोघांनी बाहेर व्हरांड्यात नेला.

आता डार्करूममध्ये एकेक जण येतो. प्रत्येकाला तेच प्रश्न, मान वर करून. बंद केलेल्या गोळ्या, पुड्या, मोठं ऑपरेशन, किडनी, कॅन्सर, एचआयव्हीची तपासणी. प्रत्येकाला, म्हणजे कोणालाच वेगळं काढलं जात नाही. एक निवृत्त तलाठी भयंकर चिडले. "मले काऊन इचारता हे? मी काय तसा दिसतो काय?"

"आधीच्या आजीबाईंनाही विचारलं, काका."

"त्या म्हातारीले? तिनं काय सांगतलं?"

"तेच तर सांगायचं नसतं."

ते स्टूल पुढे ओढून हळूच म्हणाले, पाच वर्षांपूर्वी किडनी बदलली आहे, गोळ्या रोज चालू आहेत, पण ते डोळ्याच्या बाईला कशाला सांगायचं, म्हणून बोलले नव्हते. रांग आता संध्याकाळपर्यंत चालते. माझ्याविरुद्ध तक्रारी झाल्या आहेत. होऊ देत.

शोभाताईचा डावा डोळा राहिला. डाग मध्यबिंदूच्या अलीकडेच थांबला, सुकला, व्रण झाला. शेवटून दुसरी ओळ ती वाचते. एचआयव्हीच्या गोळ्या दुसऱ्या केंद्रावरून सुरू झाल्या, जिथं तिला कोणी ओळखत नाही. तासाभराचा प्रवास जास्त आहे. शाळेत ती पुन्हा लागली. तिथं कोणाला काही माहीत नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीला आली तेव्हा सगळं स्थिर होतं. मी दार लावलं. मला वाटत होतं की तिला खरं सांगायलाच हवं. वडिलांच्या पत्रकांनी एवढं तरी शिकवलं होतं. मी सांगितलं, की पहिल्या दिवशी मी नीट विचारलं असतं, तर उजवा डोळा कदाचित वाचला असता. ते स्टेरॉइड माझ्या दोन शब्दांमुळे दिलं गेलं. चूक माझी.

मी वाट पाहत राहिले. मला काय हवं होतं, ते मला आज कळतं.

"हे मले कायले सांगता, मॅडम?" ती शेवटी म्हणाली. "माहा डोया तं येत न्हाई वापस. तुमाले हलकं वाटावं म्हनून सांगता?"

तिनं पदर सावरला, अंधारात चाचपडत दाराची कडी शोधली. मी मदतीला पुढे झाले, तर तिनं हात बाजूला केला. कडी तिला सापडली. पण उघडण्याआधी ती थांबली.

"पुढची तारीख लिहून द्या," ती म्हणाली. "आन मोठ्या अक्षरात लिहा."

मी लिहून दिली. ती त्या तारखेला आली. त्याच्या पुढच्या तारखेलाही आली.